पितृपक्षात न घेतलेली तारीख

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)
९ नोव्हेंबर, रविवार

तीर्थस्वरूप बाळाजीदादांना बदलापूरहून भगवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

पोस्टमनने पाकीट हातात ठेवल्यावर तुमच्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमच्या बहिणीचा रक्तदाब ठीक, माझी साखर तिच्या नजरेखाली ठीक, आणि मस्कतला उन्नतीही ठीक. तुमच्या गुडघ्याचं काय? निर्गुडीचा पाला बांधून बघतो म्हणाला होतात, त्याने गुण आला की नुसताच वास आला? कैलासचा कांदा लावून झाला का? (झालाच असेल. तुमचा मुलगा माझ्यासारखा नाही, त्याला काम दिसलं की तो आधी ते करून टाकतो.) आता घरात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की आमचं घर दीड खोलीचं. मी गॅलरीत जाऊन कुजबुजलो तरी ते स्वयंपाकघरात पोचतं आणि तिथून लगेच उत्तर येतं. शिवाय हकिकत लांबलचक आहे, आणि फोनवर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला "बरं, ठेवतो दाजी" म्हणता.

तुम्हाला ठाऊकच आहे, उन्नतीला आठवा चालू आहे आणि डॉक्टरणीने वीस डिसेंबरच्या आसपासची तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आपली रीत. पण तिचं ब्लडप्रेशर बघून त्या बाईने विमानात बसायला बंदी केली, तेव्हा असं ठरलं की लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने उठून लेकीकडे जायचं. माहेर म्हणजे सगुणा. (मी माहेरात मोडतो की नाही, हे कुणी स्पष्ट केलं नाही.) जावई अमित गुणी आहे, पण तो पहाटे कंपनीत जातो तो दिवेलागणीला येतो, आणि त्याची आई इकडे अंथरुणाला खिळलेली. ऑगस्टात उन्नती फोनवर आईला एवढंच म्हणाली, "आई, तू ये ना." त्या एका वाक्यावर सगुणाने अळीव, डिंक, खारीक, सुंठ भरून ठेवली, जुन्या सुती साड्या फाडून अकरा दुपटी शिवली, आणि सगळं झाल्यावर मला विचारलं की पासपोर्ट कुठे मिळतो.

आता तुम्ही मला ओळखता. कारखान्यात पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेला माल मोजून बघत होतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट आहे तशी मान्य करायची नाही ही मला खोड लागलेली आहे. आमच्या शेजारची श्रद्धा बँकेत असते, तिने कॉम्प्युटरवर फॉर्म भरून दिला. पत्त्याचा पुरावा, जन्माचा पुरावा, सगळं तयार होतं. (दोन हजार पाचच्या पुरापासून आमच्या हेंद्रेपाड्यात माणसाची कागदपत्रं माणसापेक्षा उंचावर राहतात. आमची माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात असतात, आणि तो डबा सगुणाच खाली काढते, कारण मी स्टुलावर चढलो की तिला चक्कर येते.) फी भरली. आता फक्त ठाण्याच्या कार्यालयात जायची तारीख घ्यायची राहिली. श्रद्धाने बटण दाबलं तर तारीख नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती म्हणाली, काका, संध्याकाळी ठरावीक वेळेला तारखा उघडतात आणि लगेच संपतात. मी घड्याळ लावून बसलो. खरोखरच, चहा गाळून होईपर्यंत त्या दिवसाच्या तारखा संपलेल्या असत.

मला राग आला नाही, दादा, मला कुतूहल वाटलं. एवढ्या तारखा जातात कुठे? एवढे लोक कुठे निघालेत? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून एवढी माणसं जर खरंच देशाबाहेर जात असतील, तर आमच्या रस्त्यावर जरा तरी सामसूम व्हायला हवी होती. मी एक शंभर पानी वही घेतली आणि आमच्या इमारतीपासून चौकशी सुरू केली. चोवीस बिऱ्हाडं. त्यातल्या एकोणीस घरांत पासपोर्ट निघाले आणि विमानात बसलेली माणसं सापडली चार. बाकीच्यांनी काय म्हणून काढला, ते विचारल्यावर उत्तरं फार छान मिळाली. एकाने पत्त्याचा पुरावा म्हणून काढला होता, आणि त्यावर ज्या घराचा पत्ता होता तिथून तो चार वर्षांपूर्वी हलला होता. एकाच्या लग्नाच्या बायोडाटात ती ओळ बरी दिसते असं त्याच्या आईचं मत. तळमजल्यावरच्या प्राध्यापकांनी तर शांतपणे सांगितलं की वरच्या मजल्यावरच्यांनी काढला म्हणून काढला. वरच्या मजल्यावर मी आधीच जाऊन आलो होतो, आणि त्यांनी प्राध्यापकांचं नाव सांगितलं होतं.

ही वही घेऊन मी पालेगावलाही जाऊन आलो. कारखान्यातला माझा जोडीदार सुदाम तिथला. त्याच्या भातखाचरांवर आता बावीस मजली इमारती उभ्या आहेत आणि मधोमध त्याचं कौलारू घर. त्याच्या एका घरात अकरा पासपोर्ट आहेत अशी बातमी होती. ती खरी निघाली. सुदामची आई कौसाबाई, वय एक्क्याऐंशी, तिने स्वतःचा पासपोर्ट मला कापडात गुंडाळलेला काढून दाखवला. कुठे जायचंय आजी, विचारलं, तर म्हणाली, "मना कं कुठं जाचं हाय? जेजुरीचे पुढं मी गेले नाय. पन कागुद आसलेला बरा. आन एकदा इमान आतून बघाचंय. बसाचं नाय, निसतं बघाचं." मी ते उत्तर वहीत शब्दशः उतरवून घेतलं. मग तिने माझं येण्याचं कारण विचारलं, मी सगुणाचं सांगितलं. म्हातारीने पानाला चुना लावता लावता मला विचारलं, "आन ती गेली का तू रं काय करशील?" तो प्रश्न मी वहीत लिहिला नाही.

पुढे सुदामच्या सांगण्यावरून मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या धर्मेशकडे गेलो. एका बाजूला शिलाई मशीन दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला पापडवाला, आणि मध्ये धर्मेशचं झेरॉक्सचं दुकान. झुलेलालच्या तसबिरीखाली दोन कॉम्प्युटर आणि तीन मोबाइल मांडून हा गृहस्थ बसलेला असतो. माणूस सरळ आहे. कुणाला ओळखतो, कुणाला देऊन काम करतो, असलं काही नाही. त्याचं म्हणणं, "अंकल, तारीख मिळत नाही, पकडायची असते. ठाणे छोड दो. डोंगराच्या पलीकडे बघू, नाशिक." मला पटेना. बदलापूरच्या माणसाने बदलापूरचाच आहे हे सिद्ध करायला कसारा घाट चढून का जायचं? पण तिसऱ्याच दिवशी त्याने नाशिकची तारीख पकडली आणि फोन करून मोठ्या आनंदाने सांगितली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. बारा सप्टेंबर. पितृपक्ष.

मी धर्मेशला सांगितलं, ही नको, बदल. तुमचं मत विचारात घेऊन मी हा निर्णय घेतला. (ते मत तुम्ही दिलं नव्हतं, त्याबद्दल पुढे लिहितो.) धर्मेशने मला तारीख पुन्हा एकदा वाचून दाखवली. मग म्हणाला, "साईं, पितृपक्षात सरकारी ऑफिस चालू असतं." मी म्हटलं, ऑफिस असेल, आमचं घर बंद असतं. त्याने तारीख बदलली, आणि बजावून ठेवलं की अशी तीनदाच बदलता येते. सगुणाला मी सांगितलं की दादा म्हणाले, पितरांच्या पंधरवड्यात लांबच्या कागदाला हात लावू नये. ती अळीव निवडत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा अळीव निवडायला लागली.

दुसरी तारीख आली ती नेमकी नवरात्रात. घरात घट बसलेले, अखंड दिवा तेवत ठेवलेला. आता दोघं नाशिकला गेलो तर दिव्यात तेल कोण घालणार? श्रद्धा घालते म्हणाली. मी म्हटलं, परक्याच्या हातून नको. (दादा, हा दिवा आमच्याकडे अडतीस वर्षं लागतोय आणि त्यात तेल सगुणा घालते. तो कुठल्या कोपऱ्यात असतो हे मी त्या दिवशी नीट बघून घेतलं.) तिसरी तारीख कोजागिरी उलटून गेल्यावरची होती, म्हणजे वद्य पक्ष लागलेला. मी पुन्हा तुमचा हवाला दिला. दादा म्हणतात, चंद्र उतरणीला असताना दूरदेशीचं काम काढू नये. सगुणा त्यावर म्हणाली, म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस विमानं जमिनीवरच असतात का? पण तोवर तारीख बदलून झाली होती. चौथी आली ती धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधीची. तोही वद्य पक्षच. मी कॅलेंडरकडे बघायच्या आत सगुणाने ते भिंतीवरून काढून पालथं ठेवलं आणि बॅग भरायला घेतली.

जाण्याआधी एक गोष्ट घडली. धर्मेशने मला सांगितलं की ज्याची तारीख असेल त्यालाच आत सोडतात, बाकीच्यांनी फाटकाबाहेर थांबायचं. एवढी दीड महिन्याची चौकशी करून मी बाहेर थांबायचं आणि आत काय असतं ते बघायचंच नाही, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यावर धर्मेश म्हणाला, "अंकल, तुमचापण फॉर्म भरून टाकू? त्याच दिवशीची एक तारीख दिसते आहे." बघा, कसा हुशार माणूस. मी लगेच हो म्हटलं. कुठे जायचं म्हणून नाही, नुसतं आत शिरायला मिळावं म्हणून.

आम्ही कल्याणहून सकाळची एसटी पकडली. घाटाखाली चहाला गाडी थांबली, तिथे समोरून आलेल्या गाडीतून एक कुटुंब उतरलं, नवरा-बायको आणि तीन फायली. मला फायलींवरून लगेच ओळखू आलं. विचारलं तर नाशिक रोडचे, पासपोर्टसाठी ठाण्याला चाललेले. त्यांच्या एजंटाने त्यांना सांगितलं होतं की नाशिकचं सोडा, डोंगराच्या पलीकडे बघा. आम्ही एकाच बाकावर बसून एकमेकांच्या फायली चाळल्या. मी सुचवलं की आपण तारखाच बदलून घेऊ, तुम्ही घरी जा, आम्ही घरी जातो. त्या गृहस्थांना कल्पना पटली होती, पण दोन्ही बायकांनी आम्हाला आपापल्या गाडीत बसवलं.

आतली व्यवस्था छान आहे, दादा. थंडगार, टोकनवर चालणारी, आणि कुणी कुणावर ओरडत नाही. मी टोकनचे आकडे कसे पुढे सरकतात ते वहीत टिपत होतो, तेवढ्यात सगुणाचा नंबर लागला. फोटो झाला. मग बोटांचे ठसे. काचेवर बोटं ठेवली तर यंत्र ते घेईना. तिथल्या मुलीने ओल्या रुमालाने तिची बोटं पुसली, पुन्हा ठेवली, पुन्हा नाही. असं पाच वेळा झालं. ती मुलगी प्रेमानेच म्हणाली, मावशी, तुमच्या बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत हो. मी शेजारी उभा होतो. सगुणाचा तळहात मी तेव्हा बघितला. अडतीस वर्षांच्या भाकऱ्या आणि धुणं-भांडी यांनी बोटं गुळगुळीत झालेली. जगातल्या प्रत्येक गोष्टीची मी चौकशी केली आणि हा हात मी कधी उलटा करून बघितला नव्हता. सहाव्या वेळी ठसे उमटले. मी वही उघडून टोकनचे आकडे लिहीत बसलो, ते सगळे चुकलेले आहेत.

शेवटच्या खिडकीवरच्या साहेबांनी सगुणाला विचारलं, कशासाठी जाताय? ती म्हणाली, बाळंतपण करायला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. लेकीचं, ती म्हणाली. साहेब हसले आणि शिक्का मारला. मग माझी पाळी. तुम्ही कशासाठी? मी म्हटलं, मी नुसता बघायला. काय बघायला? मी म्हटलं, हे. म्हणून मी खिडकी, टोकन, रांग असं सगळं हाताने दाखवलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. सगुणा मागून पुढे आली आणि म्हणाली, ते माझ्याबरोबर आहेत. एवढ्यावर माझंही काम झालं.

पुढे पोलीस चौकशी झाली. आलेला हवालदार सज्जन होता, त्याने मला चार प्रश्न विचारले आणि मी त्याला सतरा. दिवाळी गेली. आणि या सोमवारी पोस्टमन आला, पाकीट फोडलं, तर त्यात माझा पासपोर्ट. सगुणाचा नाही. दादा, जायचं कुणाला आणि आला कुणाचा. तिने तो हातात घेतला, माझा फोटो बघितला, पासपोर्ट डब्यात ठेवला आणि डबा माळ्यावर. आज सहा दिवस झाले. मी रोज कॅम्प चारला जातो. धर्मेश कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून, माझ्याकडे न बघता, "येईल अंकल" एवढंच म्हणतो. तिकडे उन्नतीचे पाय सुजलेत. सगुणाने डिंकाचे लाडू करायचे थांबवलेत, म्हणते, जायचा दिवस ठरला की करीन, नाहीतर खवट होतील. मी त्या तीन तारखा बदलल्या नसत्या तर ही बाई सप्टेंबरातच मोकळी झाली असती. लेकीच्या वेळेला ती पोचली नाही तर त्याचं पाप कुणाच्या माथी, हे शोधायला मला वही लागणार नाही. झोप येत नाही, दादा, हे खरं सांगतो.

तरी आता तुम्हाला एकच विनंती. तुमच्याकडचं पंचांग काढून या महिनाअखेरचा प्रवासाला चांगला दिवस बघून कळवा, म्हणजे पासपोर्ट येताच तिकीट काढता येईल. घरात सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कैलासला म्हणावं, मागच्या वेळचा कांदा अजून पुरतोय.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
भगवंत

ता. क. : वरची पंचांगाची विनंती रद्द समजावी. तुम्ही पंचांग उघडू नका. मीही अडतीस वर्षांत ते कधी उघडलं नव्हतं. हा फ्लॅटसुद्धा मी अमावस्येला बुक केला, कारण त्या दिवशी बिल्डरकडे कुत्रं फिरकलं नव्हतं आणि तो भावात नरमला होता. तेव्हा सगुणाने जर फोनवर विचारलं, की दादा, पितृपक्षाचं आणि वद्य पक्षाचं तू सांगितलंस का, तर कृपा करून हो म्हणा. वयाने मोठे आहात, एवढं खोटं तुम्हाला पचेल.

दुसरा ता. क. : आता लिहायला बसलोच आहे तर खरं ते लिहून टाकतो. उन्नतीच्या वेळी सगुणा तीन महिने तुमच्याकडे होती. त्या तीन महिन्यांत मी अंबरनाथच्या खोलीवर कसा राहिलो, ते कुणाला ठाऊक नाही. खानावळीत जेवायचो, आणि रविवारी काय करायचं ते कळायचं नाही. दोनदा मी कल्याणहून माळशेज घाटाच्या गाडीत बसून ओतूरच्या स्टँडवर येऊन पोचलो होतो. पण जावयाने सारखं सासुरवाडीला धावणं बरं दिसत नाही, म्हणून तिथेच बाकावर तासभर बसलो आणि परतीच्या गाडीने माघारी आलो. तेव्हा मी पस्तिशीचा होतो, आता सहासष्टचा आहे, आणि मस्कतला एसटी जात नाही. तारखा आल्या की मला ते बाकडं आठवायचं. म्हणून पितृपक्ष. तिचं जाणं चुकवायचं नव्हतं, थोडं पुढे जावं एवढंच वाटत होतं. आता प्रायश्चित्त म्हणून रोज सकाळी भाकरी शिकतो आहे. कालची भाकरी सगुणाने उजेडात धरून बघितली आणि पलीकडची खिडकी दिसते म्हणाली.

तिसरा ता. क. : खरी विनंती ही आहे. वहिनी गेल्यापासून तुम्हीही तिकडे एका खोलीतच बसून असता. कैलास शेत बघतो आहे. तर सगुणा गेली की तुम्ही तीन महिने माझ्याकडे राहायला या. तीन महिन्यांचे कपडे घेऊन या. गुडघ्यासाठी खुर्ची मी आणतो. फार बोलायला हवं असं नाही, तुम्ही नुसते "बरं, ठेवतो" म्हणत बसलात तरी चालेल. आणि हे सगुणाला कळता कामा नये. तुमचा पिनकोड मला पाठ नाही, तो तिला आहे. म्हणून पाकीट आधी पक्कं चिकटवून मगच तिच्याकडे पत्ता घालायला देणार आहे.

भ.

दादा,

पत्ता घालायला हे माझ्याकडे दिलं. डिंकाने चिकटवलेलं पाकीट चहाच्या वाफेवर अलगद उघडतं, हे मला यांनीच शिकवलंय. कारखान्यातल्या साहेबांनी कुणाला तरी द्यायला दिलेलं बंद पाकीट यांना आधी बघायचं होतं, तेव्हा.

माझा पासपोर्ट गुरुवारीच आला. हे त्या वेळी त्याचीच चौकशी करायला कॅम्प चारला गेले होते. तो डब्यात यांच्या पासपोर्टच्या खाली ठेवलाय. यांनी तीन दिवस सगळ्या जगाला विचारलं, डबा तेवढा उघडून बघायला सांगितलं नाही.

पितृपक्षाचं तू सांगितलंस म्हणे. माझ्या लग्नाची बोलणी करायला तू पितृपक्षातच अंबरनाथला आला होतास, कारण तुला रानातून तेव्हाच सवड होती. म्हणून तुला फोन करून विचारलं नाही.

उन्नतीला मी सप्टेंबरातच सांगितलं होतं, तुझे बाबा तारखा का फिरवतायत ते. मग धर्मेशला फोन केला आणि यांचाही फॉर्म भर म्हटलं. तो म्हणाला, मावशी, अंकलना काय सांगू? मी म्हटलं, आत काय असतं ते बघायला मिळेल म्हणून सांग. उन्नतीने चोवीस तारखेची दोन तिकिटं काढली आहेत. व्हिसाचं अमितने केलंय. लाडू उद्यापासून वळायला घेते.

यांना अजून काही बोलले नाही. भाकरी शिकतायत, ती एक तरी धड होऊ दे, मग सांगेन. तू बावीसला ये. तीन महिन्यांचे कपडे आण, ते यांनी बरोबरच लिहिलंय. तुळशीला पाणी घालायचं आणि पाऊस नसला तरी डबा माळ्यावरच ठेवायचा.

ओतूरच्या स्टँडवर हे येऊन बसायचे ते तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. दोनदा नाही, चारदा. त्यांना ते बोलू नकोस, लाजतील.

तुझी सगुणा